सामोआचे मताई आणि मानाची बोली



आज सुरुवातीलाच तुम्हाला एक काम सांगते. सकाळी उठल्यापासून आत्तापर्यंत तुम्ही कुणाकुणाला ‘अहो’ म्हणालात आणि कुणाकुणाला ‘अगं’ किंवा ‘अरे’, ते जरा आठवून बघा. सासऱ्यांना अहो. दिराला अहो भाऊजी. किराणा दुकानदार वयानं लहान असला तरी अहो शेठ. आणि खुरपायला येणारी बाई? ती तुमच्या आईच्या वयाची असली, तर तिला काय म्हणता? उत्तर मोठ्यानं देऊ नका, मनातच ठेवा. हा प्रश्न मला का पडला, ते मी शेवटी सांगणार आहे. त्याआधी तुम्हाला एका लांबच्या देशात घेऊन जाते. तिथं समोर माणूस कोण आहे त्यावर ‘या’, ‘जेवा’, ‘बोला’ हे शब्दच बदलतात. त्या देशाचं नाव सामोआ.

सामोआ हा प्रशांत महासागरातला बेटांचा देश आहे, न्यूझीलंडच्या ईशान्येला. उपोलू आणि सवाई ही त्यातली दोन मोठी बेटं. आपिया ही राजधानी उपोलूवर आहे. सगळा देश मिळून आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या निम्म्याएवढाही भरत नाही आणि वस्ती दोन लाखांच्या आसपास. नारळ, केळी, नीरफणस आणि आपल्या अळूच्या जातीचा तारो नावाचा कंद हे तिथलं रोजचं खाणं. १ जानेवारी १९६२ ला हा देश न्यूझीलंडच्या कारभारातून स्वतंत्र झाला. पूर्वेकडची काही बेटं मात्र अमेरिकेकडे आहेत, त्यांना अमेरिकन सामोआ म्हणतात. राज्य वेगळं असलं तरी मी आज सांगणार आहे ती रीत दोन्हीकडे आहे.

तिथलं जुन्या पद्धतीचं घर बघितलं तर तुम्हाला नवल वाटेल. त्याला भिंतीच नसतात. दगडी जोत्यावर खांब उभे केलेले, वर छप्पर, आणि पाऊस आला तर खाली सोडायला झापांचे पडदे. आत कोण बसलंय, कुठं बसलंय, कसं बसलंय हे रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसतं. म्हणून तिथं बसण्याची जागासुद्धा बोलते. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता मताई म्हणजे कोण ते बघू. सामोआत घर म्हणजे नवरा, बायको आणि मुलं एवढंच नसतं. काका, आत्या, मामा, त्यांची मुलं, नातवंडं, दत्तक घेतलेली मुलं, सगळं मिळून एक मोठं घराणं होतं. त्याला ते आइंगा म्हणतात. प्रत्येक घराण्याच्या मालकीची एक किंवा जास्त मानाची नावं असतात. ही नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असतात. घराणं आपल्यातल्या एका माणसाला ते नाव देतं आणि तो माणूस त्या घराण्याचा मताई होतो. त्यानंतर ते नाव त्याच्या स्वतःच्या नावाच्या आधी लागतं. तो गेला की नाव त्याच्याबरोबर जात नाही. ते घराण्याकडे परत येतं आणि घराणं ते दुसऱ्याला देतं.

आपल्याकडे पाटीलकी बापाकडून लेकाकडे जायची. तिथं तसं आपोआप होत नाही. थोरल्या मुलाला नाव मिळेलच असं नाही. घराण्यातली माणसं बसतात, बोलतात, भांडतात, पुन्हा बसतात. त्या नावाचा वारसा लेकाकडून आलेला असो की लेकीकडून, दोन्ही शाखांना बोलायचा हक्क असतो. शक्यतो हात वर करून मतदान होत नाही, एकमत होईपर्यंत बोलणी चालतात. एकमत झालंच नाही तर प्रकरण न्यायालयात जातं. खास जमिनीच्या आणि मानाच्या नावांच्या वादांसाठी तिथं वेगळं न्यायालय आहे. त्याची सुरुवात जर्मन लोकांच्या अमलात, १९०३ साली झाली.

मग घराणं कुणाला निवडतं? तिथं एक म्हण आहे, ‘ओ ले आला इ ले पुले ओ ले ताउतुआ’. पुले म्हणजे अधिकार आणि ताउतुआ म्हणजे सेवा. अधिकाराकडे जाणारी वाट सेवेची आहे, असा या म्हणीचा अर्थ. ज्याला अजून नाव मिळालेलं नाही तो तरुण पहाटे उठून मासे आणतो, तारोची लावणी करतो, तापलेल्या दगडांवर घराण्याचं जेवण शिजवतो. बैठकीत मोठी माणसं बोलत असतात तेव्हा तो बाहेर थांबून हवं-नको बघतो. आता पुष्कळ सामोअन लोक न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत कामाला आहेत. तिथून कारखान्याच्या पगारातले पैसे घरी पाठवणं हीसुद्धा सेवाच धरली जाते. वर्षानुवर्षं कुणी केलं, किती केलं, हे घराण्याच्या ध्यानात असतं.

नाव द्यायच्या समारंभाला साओफाई म्हणतात. त्यात आवा हे पेय वाटतात. मिरवेलीच्या जातीच्या एका झुडपाची मुळं कुटून, पाण्यात कालवून ते करतात. नारळाच्या करवंटीच्या वाटीतून ते एकेका मताईला देतात, आणि प्रत्येक वाटीच्या वेळी पुकारा होतो. कुणाची वाटी आधी, कुणाची मागून, आणि पुकाऱ्यात कुणाचं नाव कसं घ्यायचं, हे सगळं ठरलेलं असतं. गावागावाचे मानाचे पुकारे पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेले आहेत. त्यात चूक झाली, कुणी राहून गेलं, तर तो सगळ्या घराण्याचा अपमान होतो. आपल्याकडे लग्नाच्या आहेरात एखादं मानाचं नाव राहिलं की वर्षभर बोलणं होतं ना, तसंच समजा.

हा मान नुसता हारतुऱ्याचा नाही. सामोआतली सुमारे ८० टक्के जमीन ही घराण्यांची परंपरेची जमीन आहे. ती विकता येत नाही. तिचा सातबारा कुणा एकाच्या नावावर नाही. कुणी कुठला तुकडा कसायचा, कुणी कुठं घर बांधायचं, हे मताई ठरवतो. गावातले सगळे मताई मिळून फोनो भरवतात. फोनो म्हणजे गावाची बैठक. ती गावाचे नियम करते आणि नियम मोडणाऱ्याला दंड लावते. दंड पैशांत असतो, डुकरांत असतो, डबाबंद माशांच्या खोक्यांत असतो, आणि फार झालं तर माणसाला गावातून घालवूनही देतात. म्हणजे मताईच्या शब्दाला धार आहे. तो शब्द चांगला वापरला तर घराणं सांभाळलं जातं, वाईट वापरला तर माणूस घराबाहेर पडतो.

मताई दोन प्रकारचे असतात. एक अलिई, म्हणजे मानाचे प्रमुख. दुसरे तुलाफाले, म्हणजे बोलणारे प्रमुख. गावाच्या वतीनं भाषण करायचं, घराण्यांची वंशावळ सांगायची, भेटी द्यायच्या-घ्यायच्या, ही कामं तुलाफालेची. भाषणाच्या वेळी त्याच्या हातात लांब काठी असते आणि खांद्यावर काथ्याच्या दोऱ्यांची चवरी. मोठा अलिई पुष्कळदा गप्प बसतो आणि त्याच्या वतीनं तुलाफाले बोलतो. बैठकीच्या घरात अलिई दोन्ही टोकांच्या खांबांशी बसतात, तुलाफाले समोरच्या बाजूला आणि आवा कालवणारी माणसं मागच्या बाजूला. मघाशी मी बसण्याची जागा बोलते म्हटलं, ते यासाठी.

आता भाषेकडे वळू. सामोअन भाषेत आदराला फाआलोआलो म्हणतात आणि आदरानं बोलायचे शब्दच निराळे असतात. आपण ‘ये’चं ‘या’ करतो, ‘बस’चं ‘बसा’ करतो. म्हणजे शब्द तोच, शेपूट बदलतं. तिथं अख्खा शब्द बदलतो. साध्या माणसाला ‘ये’ म्हणायचं तर ‘साउ’. तुलाफालेला ‘मालिऊ माई’. अलिईला ‘सुसू माई’. आणि सगळ्यांत मोठ्या प्रमुखांना ‘आफिओ माई’. घराला साधा शब्द ‘फाले’. पण अलिईचं घर ‘माओता’ आणि तुलाफालेचं घर ‘लाओआ’. बोलणं म्हणजे ‘ताउताला’, अलिई बोलला तर ‘साउनोआ’, तुलाफाले बोलला तर ‘फेतालाई’. झोपण्याला ‘मोए’, मोठ्यांच्या झोपेला ‘तोफा’. जेवणाचा साधा शब्द तर ऐकून हसाल. तो आहे ‘आइ’. आदरानं म्हणायचं तर ‘ताउमाफा’, आणि फार मोठ्या प्रमुखासाठी ‘ताउते’. डुक्कर साधं असेल तर ‘पुआआ’, मानाच्या बोलीत ‘मानुफाता’. कुत्रा ‘माइले’, पण मानाच्या बोलीत तोही ‘ताइफाउ’ होतो.

आपल्याला हे अगदीच परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही शेळी मरते, शेजारचे आजोबा वारतात आणि महाराज समाधिस्थ होतात. नारळ आपण फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणतो. निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतो. आपले असे मोजके शब्द आहेत. सामोआत ते खाण्यापिण्यापासून हातापायांपर्यंत पसरलेले आहेत, एवढाच फरक.

पण या बोलीचा एक नियम असा आहे की तो वाचला तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ बसून राहिले. आदराचे हे शब्द स्वतःसाठी कधीही वापरायचे नसतात. केवढाही मोठा अलिई असो, तो समोरच्याच्या घराला माओता म्हणेल, पण स्वतःच्या घराला साधं फालेच म्हणेल. समोरचा ताउमाफा करतो, आपण मात्र नुसतं आइ करतो. म्हणजे मानाचा शब्द दुसऱ्याच्या तोंडूनच आपल्यापर्यंत येऊ शकतो. तो स्वतःच्या हातानं उचलून घेता येत नाही. मला लगेच आपल्याकडचे काही फोन आठवले, ‘हॅलो, मी अध्यक्ष मॅडम बोलतेय.’ सामोआतल्या माणसानं हे ऐकलं असतं तर त्याला फार विचित्र वाटलं असतं.

आदर शब्दांत असतो तसा अंगातही असतो. बसलेल्या माणसांच्या पुढून जायचं असेल तर तिथं कमरेत वाकून, ‘तुलोऊ’ असं म्हणत जातात. तुलोऊ म्हणजे माफ करा, तुमच्या पुढून जाते. मोठी माणसं बसलेली असताना ताठ उभं राहून त्यांच्याशी बोलत नाहीत. कुणाच्या दिशेनं पाय पसरत नाहीत, पसरावेच लागले तर त्यावर चटई टाकतात. माणसामाणसांतल्या जागेला ते ‘वा’ म्हणतात. ही जागा रिकामी नसते, नातं त्याच जागेत असतं आणि ते झाडून-पुसून नीट ठेवावं लागतं, असं ते मानतात.

आणखी एक गोष्ट सांगते, ती आपल्यातल्या पुष्कळजणींना आवडेल. सामोअन भाषा दोन तऱ्हांनी बोलतात. एकीत ‘त’ म्हणतात, दुसरीत त्याच जागी ‘क’ येतो. चर्चमध्ये, शाळेत, लिहिताना, पाहुण्यांशी बोलताना ‘त’ची भाषा, तिला चांगली बोली म्हणतात. घरात, शेतात, मित्रांत ‘क’ची भाषा, तिला वाईट बोली असं नाव आहे. पण गावाच्या फोनोत, जिथं सगळ्यांत जास्त मान राखायचा असतो, तिथं तुलाफाले भाषण करतो ते बहुतेक या ‘क’च्या बोलीतच, आणि तिच्यात ते सगळे मानाचे शब्द पेरतो. म्हणजे शुद्ध बोलणं वेगळं आणि आदरानं बोलणं वेगळं. आपल्या गटातल्या बाया तालुक्याच्या बैठकीत ‘आमचं बोलणं गावठी आहे’ म्हणून तोंड उघडत नाहीत. त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात बाया कुठं आहेत? अलिईच्या बायकोला आदरानं ‘फालेतुआ’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ मागचं घर. तुलाफालेच्या बायकोला ‘ताउसी’ म्हणतात, म्हणजे सांभाळणारी. आपल्याकडची जुनी माणसं बायकोला ‘आमचं कुटुंब’ म्हणायची, तसंच काहीसं. गावातल्या बायांच्या समित्या १९२० च्या दशकापासून आहेत. त्या घरोघर जाऊन स्वच्छता बघतात, पाणी बघतात, लहान मुलांची तब्येत बघतात. पण त्यांच्यातसुद्धा ज्या बाईचा नवरा मोठा, तिची जागा वर, असं होत आलं आहे.

माहेरी मात्र बाईचा मान निराळा असतो. बहीण-भावाच्या नात्याला तिथं ‘फेआंगाइंगा’ म्हणतात, म्हणजे करार, वचन. भावानं बहिणीचा मान राखायचा, तिच्यासाठी कष्टायचं, तिच्यासमोर वावगं बोलायचं नाही. बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, अशी तिथली म्हण आहे. घराण्याच्या बैठकीत बहिणीच्या शाखेचा शब्द टाळता येत नाही. सोळाव्या शतकात सालामासीना नावाची एक स्त्री होऊन गेली. देशातली सगळ्यांत मोठी चार मानाची नावं तिच्या एकटीकडे आली होती. तिच्या वंशात असणं आजही मोठेपणाचं समजतात.

आणि तीच बहीण लग्न होऊन नवऱ्याच्या गावी गेली की तिला ‘नोफोताने’ म्हणतात, म्हणजे नवऱ्याकडे राहणारी. तिथं तिनं सासरच्या घराण्याची सेवा करायची, पाहुण्यांचं करायचं, सगळ्यांच्या मागून जेवायचं. कितीतरी नोफोतानेंना घराण्याच्या निर्णयात काही बोलता येत नाही. माहेरी डोळ्यातली बाहुली आणि सासरी सांगितलेलं काम करणारी. हे वाचताना मला वाटलं, आपण कुठल्या लांबच्या देशाबद्दल नाही, आपल्याच आळीबद्दल वाचतोय.

या मानाच्या सगळ्या व्यवहारात बायांच्या हातची एक वस्तू फार मोलाची आहे. केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांचे बारीक पट्टे काढून बाया चटया विणतात. त्यांना ‘इए तोंगा’ म्हणतात. नावाला चटई, पण ती जमिनीवर अंथरायची नसते. चांगली चटई कापडासारखी मऊ असते आणि तिला कित्येक महिने लागतात. बाया गटानं एकत्र बसून विणतात. लग्नात, मयतीत, मताईच्या समारंभात या चटया दिल्या-घेतल्या जातात. २०१९ मध्ये युनेस्कोनं या विणकामाची जगाच्या वारशाच्या यादीत नोंद केली.

या चटईचं सगळ्यांत मोठं काम सांगते. एखाद्या माणसाच्या हातून दुसऱ्या घराण्यातल्या माणसाचा जीव गेला किंवा मोठा अपराध घडला, तर अपराध्याच्या घराण्याचा मताई उजाडण्याआधी त्या घरासमोर जाऊन खाली मान घालून बसतो. अंगावरून इए तोंगा पांघरतो. या रीतीला ‘इफोंगा’ म्हणतात. आतली माणसं बाहेर येऊन ती चटई उचलेपर्यंत तो हलत नाही. त्यांनी चटई उचलली तर माफी मिळाली. ती उचलतीलच याची खात्री नसते. अपराध स्वतः केलेला नसतानाही घराण्याच्या वतीनं असं बसणं हे मताईचं काम आहे. नाव घेतलं म्हणजे हेही घेतलं. आणि त्या वेळी त्याच्या डोक्यावर जे पांघरूण असतं, ते कुण्या बाईनं महिनोन्‌महिने बसून विणलेलं असतं.

हा मान हिरावून घेतला की काय होतं, तेही सामोआनं बघितलं आहे. १९१४ पासून तिथं न्यूझीलंडचा कारभार आला. १९१८ मध्ये बाहेरून आलेल्या जहाजातून साथीचा ताप आला, कारभाऱ्यांनी ते जहाज अडवलं नाही आणि पाचातला एकाहून जास्त माणूस मेला. पुढं विरोध करणाऱ्या मताईंची नावं कारभारी काढून घेऊ लागले, त्यांना गावाबाहेर घालवू लागले. घराण्यानं दिलेलं नाव परक्या अधिकाऱ्यानं कागदावर सही करून काढायचं, हे लोकांना सोसलं नाही. ‘माऊ’ नावाची शांततेची चळवळ उभी राहिली. २८ डिसेंबर १९२९ ला आपियात तिच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात तुपुआ तामासेसे लेआलोफी हे मोठे मताई आणि इतर काही माणसं गेली. पुरुष रानात लपले तेव्हा बायांनी महिला माऊ काढून चळवळ जिवंत ठेवली. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सामोआत जाऊन या सगळ्याची जाहीर माफी मागितली. नावं काढून घेतली त्याचीही.

स्वातंत्र्य मिळालं, पण मत द्यायचा हक्क मताईंनाच राहिला. मग निवडणुकीत मतं वाढावीत म्हणून घराणी भराभर नावं वाटू लागली. अशांना लोक ‘मतदानाचे मताई’ म्हणून हिणवायचे. १९९० मध्ये सगळ्या लोकांचा कौल घेतला आणि थोड्या फरकानं ठरलं की २१ वर्षांवरच्या सगळ्यांना मत द्यायचं. १९९१ ची निवडणूक तशी झाली. पण उभं राहायला आजही मताई असावंच लागतं. बायांना मताई व्हायला देशाच्या कायद्यानं बंदी नाही, तरी बाया मताई थोड्या आहेत आणि काही गावं तर बाईच्या नावाला मानतच नाहीत. म्हणून संसदेत बाया मोजक्याच पोहोचत. २०१३ मध्ये घटनेत दुरुस्ती करून निदान १० टक्के जागा बायांच्या असतील असं ठरवलं.

यातूनच एक बाई वर आली. तिचं नाव फियामे नाओमी माताआफा. त्यातलं नाओमी हे तिचं नाव आणि फियामे हे घराण्यानं दिलेलं मानाचं नाव. तिचे वडील देशाचे पहिले पंतप्रधान. ते १९७५ मध्ये वारले. नाओमी तेव्हा तरुण होती, पुढं न्यूझीलंडमध्ये शिकत होती. वडिलांच्या नावावरून वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. शिक्षण टाकून ती परत आली आणि विशीतच तिला फियामे हे नाव मिळालं. १९८५ मध्ये ती निवडून आली, १९९१ मध्ये पहिली महिला मंत्री झाली. २०२१ मध्ये तिचा पक्ष जिंकला, तर तिला संसदेच्या दाराला कुलूप दिसलं. तिनं बाहेर मांडवात शपथ घेतली. पुढं न्यायालयानं ती शपथ खरी धरली आणि ती देशाची पहिली महिला पंतप्रधान झाली. २०२५ पर्यंत ती त्या जागेवर होती.

आता माझी गोष्ट सांगते. मी बचत गटांचं समन्वयाचं काम करते. एका गटाच्या बैठकीत मी इतिवृत्ताची वही घेऊन बसले होते. गावातल्या एका मोठ्या घरच्या वहिनी आल्या. मी उठून म्हणाले, ‘या वहिनी, या, इथं वर बसा.’ पाठोपाठ मजुरीला जाणाऱ्या एक बाई आल्या, वयानं माझ्या आईएवढ्या. मी वहीतून मान वरही केली नाही. म्हणाले, ‘अगं, किती उशीर. सही कर आणि बस.’ त्या सही करून दाराशी बसल्या. शेवटी पैसे मोजून देताना हळूच म्हणाल्या, ‘ताई, हप्ता मात्र सगळ्यांकडून सारखाच घेता.’

त्या भांडल्या नाहीत. पण त्या रात्री मला झोप आली नाही. सामोआची माहिती मी त्यानंतर वाचत गेले, आणि तिथली रीत सगळी चांगलीच आहे असं मी म्हणणार नाही. तिथंही नोफोताने मागच्या घरात राबते, तिथंही मोठ्याच्या बायकोला वरची जागा मिळते. पण मान सेवेतून मिळतो, तो घराण्याचा असतो, आणि तो स्वतः घ्यायचा नसून दुसऱ्याला द्यायचा असतो, या तीन गोष्टी मला पटल्या. आमच्या गटात सगळ्यांत जुनी, एकदाही हप्ता न चुकवलेली सभासद कोण, तर दाराशी बसलेल्या त्या बाई. सामोआच्या हिशेबानं पहिली वाटी त्यांची होती.

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली आणि गटानं ठरवलं की बैठकीत प्रत्येकीला ‘अहो’ आणि तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारायची. बसायचं गोल करून, खुर्ची कुणालाच नाही. पहिले काही दिवस फार अवघड गेलं. त्या बाई तर हसून म्हणायच्या, ‘मला कुणी अहो म्हणलं की मी मागं वळून बघते, माझ्या मागून कोण आलं म्हणून.’ आता वळून बघत नाहीत.

तुमच्या गटात बोलायला चार प्रश्न देते.

१. आपल्या गटात कुणाला ‘अहो’ म्हणतात आणि कुणाला नाही? ते वयावरून ठरतं, कामावरून, की घरावरून?

२. अध्यक्ष, सचिव निवडताना कुणाचं काम बघितलं आणि कुणाचं घराणं?

३. गटाच्या कागदांवर आपलं नाव कसं लिहिलं आहे? स्वतःचं, की अमक्याची बायको म्हणून?

४. आपल्या घरात नवीन आलेल्या सुनेशी आपण कुठल्या बोलीत बोलतो?

उत्तरं वहीत लिहिली नाहीत तरी चालेल. पण बोला जरूर. पुन्हा भेटू. येते मी. नमस्कार.